पोरीसाठी आखाडा

आम्ही अमरावतीला आलो ती चीनची लढाई व्हायच्या थोडी आधीची वर्षं. हे वनखात्यात कारकून. अर्धा महिना चिखलदऱ्याकडे फिरतीवर असायचे, आणि मी पोरीला घेऊन दोन खोल्यांत एकटी. माझं माहेर रत्नागिरीच्या खाली, खाडीकाठचं. आई विचारायची, तुझं गाव नेमकं कुठं गो? मी म्हणायचे, नागपूरच्या अलीकडे. मला तरी त्याहून जास्त कुठं ठाऊक होतं!

पोर पाचवीत होती. मी स्वतः चौथीत शाळा सोडलेली, म्हणजे सोडायला लावलेली. त्यामुळे ती पाचवीत गेली तेव्हा मला उगाच वाटलं होतं की आता ही माझ्या पुढं गेली, आता काळजी नाही. पण दसऱ्याच्या सुमारास तिचं पोट दुखायला लागलं. दुखायचं ते फक्त शाळेच्या वेळी. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की वाटेवर पिठाच्या गिरणीपाशी चार-पाच मुलं उभी असतात. इथं सगळ्यांचं 'मले', हिचं 'मला', म्हणून ती हिच्या बोलण्याची नक्कल करतात, "मला नको, मला नको" म्हणत वेणी ओढतात, दप्तर नालीत टाकतात.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर राहील घरी. तुझं काय अडलं गं चौथीवर?"

माझं काय अडलं ते मला सांगता येईना. पुष्कळ अडलं होतं एवढं खरं, पण ते धड एका वाक्यात बसेना.

शेजारच्या खोलीत सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई राहत. दाराच्या आत समोरच बुद्धाची तसबीर. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या, बोलायला एकदम रोखठोक. माझं रडगाणं ऐकून त्या म्हणाल्या, "रडता कायले, वहिनी? लाठी शिकवा पोरीले. माही भाची शिकून राहिली."

मला वाटलं, भाची शिकून झाली आणि आता घरी राहिली. म्हटलं, मग ती कुठं असते आता? तर त्या म्हणाल्या, "आखाड्यात! सांगून त राहिली." या 'राहिली'नं मला वर्षभर छळलं. कोणी 'येऊन राहिलो' म्हणालं की मी पाट मांडायची, आणि माणूस अजून रस्त्यातच असायचा.

नर्सबाईंच्या भाचीचा आखाडा तिकडे चांदूर बाजारला. अमरावतीत पोरींना घेणारा कुठला चांगला, ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. मग मी विचारत सुटले. किराणावाला म्हणाला, उस्तादाचे कान पाहा; कान चेचलेले असले की माणूस मातीत लोळलेला समजायचा. दूधवाला म्हणाला, कान सोडा, माती पाहा. जिथं मातीत तेल-ताक मुरवतात तो आखाडा खरा. घरमालकीण म्हणाल्या, जिथं आरडाओरडा कमी तिथं शिकवणं जास्त. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, जिथून आवाजच येत नाही तिथं काय शिकवत असतील! मी आपली रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बाप्याचे कान बघत चालायची. एकदा एका वकिलाचे बघितले. तो बिचारा कान पुसायला लागला.

ड्यूटी संपवून, पायांना सूज आलेली असतानाही नर्सबाई माझ्याबरोबर आल्या. त्यांचं हे मी विसरणार नाही. त्या नसत्या तर मी आखाड्याच्या दारापर्यंतसुद्धा गेले नसते. बाईमाणसानं तिथं जायचं की नाही, चपला कुठं काढायच्या, मातीवर पाय पडला तर चालतो का, मला काहीच माहीत नव्हतं.

पहिला आखाडा देवळामागचा. गुरुजी गोरेपान, आमच्याशी 'आपण' करून बोलले. चहा दिला. शिस्त, आरोग्य, देश, सगळ्यावर बोलले. माती झाडलेली, लेझमी एका ओळीत टांगलेल्या. कान मात्र अगदी शाबूत. पोरींचं विचारलं तर म्हणाले, "घेऊ की. आधी लेझीम शिकू दे, लाठीचं पुढच्या वर्षी बघू." मला सगळं आवडलं आणि काहीच कळलं नाही. माझ्याकडे होते दिवाळीपर्यंतचेच दिवस.

दुसरा कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या कुंपणाला लागून. तिथं माती होती, तेल-ताकाचा काही वास आला नाही, सरकीचाच आला. उस्ताद कडुनिंबाखाली खाटेवर बसून कोणाशी तरी भांडत होते. कान बघायला गेले तर डोक्याला फडकं बांधलेलं. म्हणजे तोही मार्ग बंद. त्यांनी मान वळवली, पोरीकडे बघितलं आणि विचारलं,

"कावून आली?"

आमच्याकडे कावणं म्हणजे चिडणं, त्रासणं. मला वाटलं, हा गृहस्थ पोरीचा चेहरा बघूनच ओळखतोय की ती वैतागून आलीय. तिला तापट समजून आखाड्यात घेतलंच नाही तर? मी घाईघाईनं म्हटलं, "नाही हो, कावून नाही आली. शांत आहे माझी पोर."

उस्तादांनी भांडण थांबवलं. "कावून नाही आली?"

"नाही, नाही. अगदी आनंदानं आलीय."

"मंग कावून नाही आली त आली कायले?"

आता माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी. म्हटलं, "अहो, खरंच कावलेली नाही ती. हवं तर तिलाच विचारा!"

आखाड्यातली मुलं जोर मारायचं सोडून हसायला लागली. नर्सबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अवं वहिनी, ते इचारून राहिले का आली म्हणून! कावून म्हणजे का!"

मी मेल्याहून मेले. तेवढ्यात पोर माझा हात सोडून पुढं झाली आणि म्हणाली,

"त्या पोट्ट्यायचं डोस्कं फोडाले."

मी तिच्याकडे बघतच राहिले. 'मला'वरून मार खाणारी माझी पोर हे असं केव्हा बोलायला लागली, कुणाकडून शिकली? आणि हे येत होतं तर त्या मुलांपुढे का नाही बोलली?

उस्ताद म्हणाले, "लाठ्या नाही आल्या अजून मेळघाटातून. तवरिक पैतरे शिक. डोस्कं मंग फोडजो."

तिथंच घातलं तिला. का, ते मला आजही सांगता येणार नाही. पहिल्या आखाड्यात मला मान मिळाला होता, इथं हसं झालं होतं. कदाचित परत फिरून तिसरा शोधायचं बळच उरलं नव्हतं. नर्सबाई म्हणाल्या, "बरं केलं." पण त्यांच्या आवाजातही मला खात्री जाणवली नाही.

पैतरे म्हणजे नुसते पाय. एक पाय मागं, अंग तिरकं, वळायचं, पुन्हा पुढं. लाठ्या काही येईनात. हे फिरतीवरून आले, मी आखाड्याचं सांगितलं, तर यांनी विचारलं, "काय शिकली?" पोरीनं स्वयंपाकघरात करून दाखवलं. हे बघत राहिले. "हा काय, नाच? लाठी कुठाय?"

"आली नाही अजून," मी म्हटलं. ते माझ्याकडेच असे बघायला लागले, जणू लाठी मीच लपवली होती.

दिवाळी झाली. शाळा उघडली त्या सकाळी पोरीचं पोट दुखलं नाही, पण तिनं खाल्लंही नाही. हे म्हणाले, "चल, बघू या." आम्ही दोघं लांबून तिच्या मागं निघालो. गिरणीपाशी मुलं होतीच. "मला नको" सुरू झालं. एकानं वेणीला हात घातला, आणि पोरीचा पाय मागं गेला, अंग तिरकं झालं. त्या मुलाचा हात नुसताच हवेत. तो तोल जाऊन पिठाच्या पोत्यावर बसला, आणि बाकीचे त्यालाच हसायला लागले. पोरीनं कुणाला मारलं नाही, उलटून बोलली नाही. वळून चालू लागली तेव्हा तिचा चेहरा मला दिसला. ती रडत होती. पण पाय थांबले नाहीत, शाळेच्या फाटकातून आत गेले.

ते पैतऱ्यामुळे, की तो मुलगाच धांदरट होता, की आम्ही मागं आहोत हे तिला ठाऊक होतं? मी यांना विचारलं. ते वळून घराकडे निघाले. घरी येऊन पाय धुतले, पंच्याला पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून तिला लवकर उठवत जा. उपाशी पोटी शाळेत जाते."

मी "बरं" म्हटलं आणि आत गेले. आत उभी राहिले, आणि आत कशाला आले होते तेच आठवेना.