चार खोटी विणकामं

गेल्या हिवाळ्यात माझी एकाच वेळी पाच विणकामं चालू होती. त्यांतली चार खोटी होती आणि एक चोरटं. घरात कुठंही हात घातला तरी सुई टोचायची. नवरा सोफ्यावर बसण्याआधी गादीवरून तळहात फिरवून बघायला शिकला. मी मात्र इतक्या खुशीत होते, की भाजी ढवळतानाही मनात टाके मोजायची, आणि मोजता मोजता मीठ दोनदा पडायचं.

झालं असं, की दिवाळी झाल्या झाल्या आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, पुण्याहून संगमनेरला. डॉक्टरांनी जानेवारीच्या सुरुवातीची तारीख सांगितली होती. म्हणजे ऐन थंडीतलं बाळ. आणि आजी कोण, तर मी, शाळेत असल्यापासून विणणारी! मी त्याच दिवशी कपाटातून लिंबाच्या रंगाची मऊ लोकर बाहेर काढली. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "ठिव ती आत. प्वार आल्याबिगर प्वाराचं काय बी करायचं न्हाई."

हा त्यांचा जुना नियम. सासूबाईंचं माहेर नेवासे तालुक्यात, घोडेगावजवळ, वडील जनावरांच्या बाजारात दलाल. गाय गाभण असली, अगदी दिवस भरले असले, तरी वासराचं दावं आधी आणायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. मग नातवंडाची काय कथा? टोपडं नाही, लंगोट नाही, पाळण्याचं तर नावही काढायचं नाही.

मला हा नियम चांगला माहीत होता, कारण तो मी भोगला होता. माझी लेक जन्मली तीही थंडीत. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिच्या अंगाभोवती सासऱ्यांचा मफलर होता. तपकिरी, एका टोकाला कुरतडलेला, विडीच्या वासाचा. विणणाऱ्या बाईची पोर, आणि मफलरात गुंडाळलेली! सगळे "किती गोड, किती गोड" करत होते आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, पण राग मी नीट घडी घालून जपला होता. लेकीचं बाळ घरी येईल ते माझ्या हातच्या स्वेटरात येईल, हे मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं.

सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या वडिलांचे सौदे रुमालाखाली बोटं धरून व्हायचे, आणि भाव कुठं चाललाय ते चेहऱ्यावर कधी दिसायचं नाही. तो चेहरा सासूबाईंनी माहेराहून जसाच्या तसा आणलाय. म्हणून मी लपवायचं ठरवलं. लोकर लपवायची तर लोकरीतच.

लिंबू रंगाची लोकर बाळाची, हे कुणीही सांगेल. तेव्हा ती आत गेली आणि मी चार भडक रंग आणले. बॉटल ग्रीन, नवऱ्याच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला. मरून, खुद्द सासूबाईंच्या स्वेटरला. हळदीसारखा पिवळा, शेजारच्या काकूंच्या मफलरला. राखाडी, माझ्या भावाच्या कानटोपीला. चार कामं, चार कापडी पिशव्या. प्रत्येक पिशवीत तळाशी त्याच रंगाचा बाळाचा एक तुकडा, हिरव्यात तेवढे दोन. सासूबाई समोर आल्या की वरचं मोठं काम हातात, गेल्या की खालचं चिमुकलं. बाळाचा स्वेटर चार रंगांचा होणार होता, पण बाळ काही तक्रार करणार नव्हतं.

ही चार कामं मी नुसती दाखवायला घेतली होती. पण लोकर सुईवर चढली की ज्याची त्याला कळते. काकू रोज संध्याकाळी येऊन मफलर गळ्याला लावून बघू लागल्या. भावाचा कोपरगावहून फोन, टोपी कान झाकेल ना? नवरा तर आरशासमोर उभा राहून मला पाठ मोजायला लावायचा. सासूबाई रोज सकाळी चहाच्या वेळी विचारायच्या, "माझं कुठवर आलं?" खोटी कामं खऱ्यापेक्षा जास्त ओरडायला लागली.

सुया पुरेनात. दहा नंबरच्या दोनच जोड्या माझ्याकडे, आणि टाके तर पाच ठिकाणी अडकलेले. मग मी सायकलच्या दुकानातून चाकाच्या तारा आणल्या. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या सायकलीच्या?" मी म्हटलं, "मफलरच्या." त्याने तारा मोजून कागदात गुंडाळल्या. तारांवर, पेन्सिलींवर, एकदा तर उदबत्तीच्या काडीवरही मी टाके ठेवले. ती काडी मोडली आणि काकूंच्या मफलरचे अठरा टाके देवघरासमोर उसवले.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. दुपारी वाचक कमी असले की टेबलाखाली विणायचं. एका दुपारी मी अशी काही रंगात आले, की नवऱ्याच्या हिरव्या पाठीवर सासूबाईंची मरून लोकर जोडून आठ ओळी करून मोकळी झाले. उसवायला जीव होईना. घरी नवऱ्याने पाठीवर आलेला तो पट्टा निरखून विचारलं, "हे डिझाईन आहे का?"

"मग काय, चूक आहे?" मी म्हटलं. तो लगेच ऑफिसच्या जुन्या मित्रांना फोटो पाठवायला गेला.

पहिली चोरी पकडली गेली ती डिसेंबर लागताना. पिवळी बाही नुकतीच झाली होती, टाके बंद करत होते, आणि सासूबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही.

"ह्ये काय हाय गं? मफलर लई बारीक झाला."

"बाटलीचं कव्हर," मी म्हटलं. तोंडात पहिलं आलं ते. "पाणी गार पडू नये म्हणून. शिवायचं बाकी आहे."

"चांगलं हाय. मला दे. मीच शिवते." आणि त्या बाही घेऊन गेल्या. मी बघत बसले. बाटलीच्या कव्हरसाठी कुणी रडतं का?

मी नव्या उमेदीने राखाडी बाही घेतली. तीही झाली, तीही त्यांनी पाहिली. या वेळी मी म्हटलं चष्म्याची पिशवी. "मग ती बी दे," त्या म्हणाल्या. पाठ मरून होती, चौकोनी, त्यामुळे मला एकदम सुचलं, बाळकृष्णाचं आसन! इतकं बरं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "सणाला घालीन." राहिले पुढचे दोन हिरवे भाग. ते मी ग्रंथालयाच्या कप्प्यात कुलपात ठेवले होते. शेवटचा हात फिरवायला घरी आणले त्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "दाव बरं." दोन सारखे तुकडे, आता काय सांगू? "गुडघ्याचे पट्टे, तुमच्यासाठीच. थंडीत दुखतात ना?"

"दुखत्यात तर," त्या म्हणाल्या आणि दोन्ही घेऊन गेल्या.

लेक पलंगावर पडून हे सगळं बघत होती. ती इतकी हसली की पोटाला हात धरून म्हणाली, "आई, थांब, आतला माणूस लाथा मारतोय." मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू. पाचही तुकडे गेले होते. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा टाके घातले, पण आता चारही रंगांची लोकर संपत आली होती आणि दुकानदार म्हणाला, त्या लॉटमधला तोच रंग आता येणार नाही. मी उरलेल्या तोकड्या लोकरीकडे बघत हिशोब लावत होते, की बाळ आलं.

दहा दिवस आधी. सकाळी पोहे खाताना लेकीला कळा सुरू झाल्या. नवऱ्याने गाडी काढली, मी चारही पिशव्या उचलल्या, कशासाठी ते देवाला माहीत. सासूबाईंनी त्यांची एकच थैली घेतली. दुपारी मुलगी झाली. नर्सने दुपट्यात गुंडाळलेला तो लालबुंद जीव माझ्या हातात दिला तेव्हा मी चक्क खदखदून हसले, इतकी ती नवऱ्यासारखी दिसत होती, भुवया वर करून काहीतरी विचारणारी.

मग आठवलं. दोन दिवसांनी ही घरी जाणार, आणि माझ्याजवळ सुईवर पंधरा ओळींचा एक तुकडा. मी खिडकीकडे तोंड केलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची भिंत आठवली, तो विडीचा वास आठवला, आणि मी रडायला लागले, बाळाची आजी होऊन, सगळ्यांसमोर.

सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी थैलीतून एक जुना रुमाल काढला आणि मांडीवर उघडला. पिवळी बाही. राखाडी बाही. मरून पाठ. दोन हिरवे भाग. सगळे जसेच्या तसे, एकही टाका शिवलेला नाही. वर एका पुडीत बारकी चार बटणं. सुईत मरून लोकर त्यांनी आधीच ओवून ठेवली होती.

"शिव आता," त्या म्हणाल्या.

मी पिवळी बाही उलटसुलट करून पाहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"बाटलीचं कवर म्हनाली तू. मी कवा बाटलीनं पानी पिले? तांब्या हाय की माझा. आन चष्मा कुनाला हाय? अजून सुईत मीच ओवते." खरंच, दोन महिने मी इतकी घाबरले होते, की त्यांना चष्माच नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. लेक पलंगावरून हसायला लागली आणि टाके दुखले म्हणून कळवळली.

"मग घेतलेत कशाला एक एक करून?"

सासूबाईंचा तो बाजारातला चेहरा मी पहिल्यांदा हललेला पाहिला. "समदे तुकडे तुज्याजवळ ऱ्हायले असते तर तुला धीर निघाला नसता. शिवून टाकलं असतं तू." मग रुमालाची कड सारखी करत म्हणाल्या, "माझं पयलं, ह्याच्या आदीचं. मी अंगडं शिवून ठिवलं हुतं. टोपडं बी. प्वार आलं न्हाई. कपडे तेवढे ऱ्हायले. चार वर्सं पेटीत हुते."

'ह्याच्या' म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. त्याला एक भावंड होतं, हे मला लग्नाला तीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं. त्यालाही नसावं, तो दारात उभा होता, तसाच राहिला. म्हणजे त्या मफलरच्या दिवशी ही बाई रीत म्हणून हट्टाला पेटलेली नव्हती. ती घाबरलेली होती. अठ्ठावीस वर्षं मी तिच्या भीतीवर रागावत बसले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी सरळ जाऊन त्यांच्या पायांशी, फरशीवरच बसले.

तिथंच शिवायला घेतलं. मी खांदे जोडले, सासूबाईंनी कुशी. बाह्या जोडताना लक्षात आलं, की पिवळी राखाडीपेक्षा बोटभर लांब आहे. चोरून विणताना मीच घाबरून चार ओळी जास्त विणल्या होत्या की काय, देव जाणे. लांब बाही दुमडली. शेवटची गाठ मी सासूबाईंना मारायला दिली. त्यांनी ती मारली, दोनदा ओढून पाहिली आणि लोकर दातांनी तोडली.

तिसऱ्या दिवशी आमची नात घरी आली, हिरवी, मरून, पिवळी आणि राखाडी, सगळी एकदम. गल्लीतल्या बायका तिच्याआधी स्वेटर बघत होत्या. काकूंचा मफलर हातभर आखूड राहिला, भावाच्या टोपीने एकच कान झाकला, नवरा पट्टेवाला स्वेटर एका बाजूने न शिवलेलाच घालून पेढे वाटत फिरला. कुणाचंच पुरं झालं नाही, कारण ज्याचं जेवढं कमी पडलं तेवढं तिच्या अंगावर होतं.

सासूबाई पलंगाशी बसून नातीच्या मुलीच्या अंगावरचा स्वेटर हाताने सारखा करत होत्या. बटण लावलं, काढलं, परत लावलं. मला वाटलं, आता डोळे पुसतील. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आन माझ्या गुडघ्याचं काय?"

मी कपाटातली लिंबाच्या रंगाची लोकर काढली आणि त्यांच्या शेजारी बसून टाके घातले.