कॉफीचा चोथा आणि माझे हात

‘बुरशी मेली नाही यात कॉफीचा दोष नाही मावशी, तुमच्या हातांचा आहे. सही करा,’ आमचे विभागप्रमुख सर म्हणत होते. मी म्हणत होते, आरोप हातांवर आणि सही पण त्याच हातांनी, असं कुठल्या कोर्टात चालतं ते दाखवा. नांदेडहून आलेले पाहुणे तज्ज्ञ चहाचा कप धरून मधे बसले होते आणि चहा पार निवला होता.

कागदावर लिहिलं होतं, काचसामान नीट निर्जंतुक न झाल्यामुळे प्रयोग बिघडला. मी सही केली की अश्विनीचं पीएचडीचं वर्षभराचं काम बाद आणि मी कायमची घरी. अश्विनी म्हणजे जळकोटकडची पोर, घरचं तुरीचं रान. मी म्हणजे लातूरच्या या कॉलेजात तीस वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या बाटल्या आणि प्लेटा धुणारी, उकळणारी, वाफवणारी. रिटायर झाले तरी परत बोलावून घेतलंय. का, ते त्यांनाच विचारा.

भांडण कुठं जाऊन थांबलं ते सांगते. पण एका भांडणाच्या पोटात सहा किस्से असतात. आमच्या बोअरच्या पाण्याचा भांड्यांना पांढरा थर बसतो ना, रोज थोडा, दिसत पण नाही, तसे हे बसतात. एक दिवस खरवडायला घ्यावं तर परातभर निघतात.

* * *

काम साधं होतं. कॉफी गाळून उरलेला चोथा लोक फेकून देतात. त्याचा अर्क काढायचा आणि तुरीची उभी झाडं वाळवणारी बुरशी त्यानं मरते का ते बघायचं. पण हे लातूर. इथं पाहुण्याला कॉफी विचारली तर तो म्हणतो, ‘का, चहा संपला का?’ दहा हॉटेलांना चोथा ठेवायला सांगितलं. बादलीभर आला. वर आल्याचे तुकडे आणि विलायची तरंगत होती.

मग कुणी म्हणालं, क्लासवाल्या पोरांच्या होस्टेलवर जा, डॉक्टर व्हायला आलेली पोरं कॉफीवरच जगतात. गेले. वॉर्डननं पोतंभर रिकाम्या पुड्या दाखवल्या. सगळी पाण्यात विरघळणारी कॉफी, चोथा औषधालाही नाही. मी विचारलं, एवढं पिऊन मागं राहतं तरी काय?

‘मार्क,’ वॉर्डन म्हणाला.

* * *

शेवटी उदगीर रोडला अण्णा सापडले. बिदरकडचे, इडलीचं हॉटेल, पितळी फिल्टर. रोज सकाळी डबाभर चोथा मिळायला लागला. आमच्या शिपायानं ऐकलं की ह्यानं बुरशी मरते. त्याला मांडीवर जुना नायटा, आणि नायटा म्हणजे बुरशीच, हे मीच त्याला कधीतरी सांगून बसले होते. गडी डब्यातला मूठभर चोथा घेऊन गेला. आठवड्यानं विचारलं, काय रे, फरक?

‘नायटा हाय तसा हाय मावशी. पण बायको म्हणते, वास लई झकास येऊन राहिलाय.’

* * *

माझं शिक्षण चौथी. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत वाचत बुरश्यांची शास्त्रीय नावं पाठ झाली. आता नुसता रंग आणि वरची लोकरीसारखी लव बघून सांगते कुठली कोण ते. हे सर नवीन बदलून आले तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं, ‘मावशी, इंग्रजी येतं का थोडंफार?’

‘इंग्रजी न्हाई येत सर,’ मी म्हणाले, ‘लॅटिन येतं.’

* * *

तुरीच्या त्या रोगाला शेतकरी ‘मर’ म्हणतात. मर लागली म्हणजे झाड गेलं. बुरशी वेगळी काढायला रोगट झाडं पाहिजेत म्हणून मी आणि अश्विनी जळकोटला तिच्या रानात निघालो. जीप खच्चून भरलेली. मधेच तिनं बापाला फोन लावला.

‘बाबा, हाय का अजून? हाय ना? मग मी येईपर्यंत काही करू नका. हलवूबिलवू नका. येऊनच राहिले.’

शेजारच्या म्हातारीनं अश्विनीच्या पाठीवर हात ठेवला. ड्रायव्हरनं आरशात एकदा बघितलं आणि गाडी अशी सोडली की मधे हात करणारे सगळे धुळीत. जळकोटला इतक्या लवकर मी जन्मात पोचले नव्हते. उतरताना म्हातारी म्हणाली, ‘जा बाई, तोंड तरी दिसंल.’

परतीला पण तीच जीप होती आणि आमच्या मांडीवर वाळक्या तुरीची पेंढी होती.

* * *

आधी सगळं छान चाललं होतं. प्लेटीत चोथ्याच्या अर्काभोवती बुरशी यायचीच नाही, स्वच्छ गोल कडं उमटायचं. दिवाळीनंतर कडं गायब. उलट बुरशी अशी माजली की लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखी. अश्विनी रडायला लागली आणि सरांनी माझी वाफेची टाकी तपासायला सुरुवात केली.

मी तिला म्हणाले, डोळे पूस, चोथा बघू. चोथ्यात कळेना. मग अण्णांकडून ताजी पूडच मागून आणली आणि थंड पाण्याच्या ग्लासात चिमूटभर टाकली. खरी कॉफी वर तरंगते. ही निम्मी सरळ तळाला गेली, जाताना पाणी तांबडं करत गेली. म्हणजे चिकोरी. भेसळ ओळखायचं एक मराठी पुस्तक विभागाच्या कपाटात तळाला आहे, माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नाही. चिकोरी म्हणजे गोडसर मुळी. मारणारी कॉफी निम्मी झालेली, वर बुरशीला जेवण!

अण्णांना गाठलं. लाजले. कॉफी महागली म्हणून दिवाळीपासून निम्मी चिकोरी घालत होते.

‘पण अक्का,’ म्हणाले, ‘गिऱ्हाईकाला कळलं नाही, तुमच्या बुरशीला कसं कळलं?’

* * *

हे सगळं मी त्या दिवशी पाहुण्यांसमोर सांगितलं. ग्लास दाखवला, तळाला बसलेली पूड दाखवली. पाहुणे वाकून बघायला लागले तसे सर म्हणाले, हे स्वयंपाकघरातले प्रकार आहेत, शास्त्रात चालत नाहीत. प्लेटीत जे उगवलं ते मावशीच्या हाताचं. आणि कागद पुन्हा माझ्यापुढं सरकवला, वर पेन ठेवला. अश्विनी खाली मान घालून उभी.

टेबलावर फर्स्ट इयरच्या पोरांसाठी कोऱ्या प्लेटा काढून ठेवल्या होत्या. त्यांचं पहिलं प्रॅक्टिकल असतं, न धुतलेलं बोट टेकवायचं आणि दोन दिवसांनी काय उगवतं ते बघायचं. पाहुणे यायच्या आधी सरांनी खिडकीपाशी उभं राहून तळहातावर तंबाखू मळली होती आणि हात पँटला पुसला होता. ते माझ्याशिवाय कुणी बघितलं नव्हतं.

मी एका प्लेटीचं झाकण उचललं, सगळ्यांसमोर, हात न धुता, बोट टेकवलं. झाकण लावलं, वर माझं नाव लिहिलं. दुसरी प्लेट त्या कागदावर ठेवून सरांकडं सरकवली आणि म्हणाले,

‘सर, आता तुमचं बोट टेकवा, परवा पाहुण्यांसमोरच दोन्ही उघडू, आन् ज्याच्या प्लेटीत जास्त उगवलं त्यानं सही करायची.’