धुऱ्यापाशी अडलेली खोली

वाचकांच्या अतर्क्य अनुभवांच्या आपल्या या सदराविरुद्ध मी आजवर दोन पत्रे पाठवलेली आहेत. विनापुरावा मजकूर छापून वाचकांची दिशाभूल करू नये, असे पहिल्यात बजावले होते. पहिल्याला उत्तर न आल्याबद्दल दुसऱ्यात निषेध नोंदवला होता. दोन्हींच्या स्थळप्रती माझ्याकडे आहेत आणि त्यांतला एकही शब्द मी मागे घेत नाही. माझी उभी नोकरी दिवाणी कोर्टात गेली, नाझर म्हणून निवृत्त झालो. कागद, साक्षीदार आणि मोजमाप या तीन गोष्टींपलीकडे मी काही मानलेले नाही, आजही मानत नाही. तरीही हे तिसरे पत्र लिहितो आहे. हे तक्रारीचे नाही. याला माझा जबाब समजावे.

घटना मागच्या हिवाळ्यातली. स्थळ – जानेफळ शिवारातले माझे वावर.

माझा मुलगा संदीप पुण्याला असतो. त्याला कुटुंबासह फिरण्यासाठी कॅम्पिंग ट्रेलर घ्यायचा होता – म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे छोटे घर. त्यावरून त्याचे आणि सूनबाईचे, मृणालचे, बिनसले होते. वादाचा मुद्दा एकच – ट्रेलर ‘स्लाइड-आऊट’वाला घ्यायचा की साधा? स्लाइड-आऊट म्हणजे ट्रेलरच्या भिंतीचा एक भाग, आतल्या पलंगासकट, बटण दाबताच टेबलाच्या खणासारखा तीन फूट बाहेर सरकतो. खाली जमिनीला कुठे टेकत नाही, अधांतरी राहतो. कारखान्याने एक ट्रेलर आठ दिवस वापरून बघायला दिला, तो घेऊन दोघे गावी आले.

“बाबा, आता तुम्हीच निकाल द्या,” मृणाल म्हणाली.

मी रीतसर दोन्ही बाजू ऐकल्या. मृणालचे म्हणणे असे की, बाहेर पाऊस असला तर चार माणसांनी आत बसायचे कुठे? स्लाइड-आऊट उघडला की मधे चालायला जागा होते, मुलांना खेळता येते, ‘आईंना गुडघे दुमडून झोपावं लागत नाही.’ संदीपचे म्हणणे – वजन वाढते, मोटारीला ओढ बसते, सांध्यातले रबर झिजले की पाणी झिरपते, धूळ शिरते, मोटर बिघडली तर खोली बाहेरच अडकते, आणि अरुंद जागी तो उघडताच येत नाही. “आपल्या बाजूला काय आहे हे आधी बघावं लागतं, बाबा. शेजारच्याच्या हद्दीत गेला तर?”

हे शेवटचे वाक्य ऐकून माझ्या डोक्यात एक विचार आला. तो चांगला नव्हता. पण जबाब म्हटले की सगळे लिहावे लागते.

माझ्या वावराला लागून गजाननचे वावर आहे. गजानन माझा धाकटा चुलतभाऊ. दोन्ही वावरांच्या मधे धुरा – गवत वाढलेला मातीचा उंचवटा, हीच आमची हद्द. दोन वर्षांपूर्वी गजाननने त्याच्या बाजूने हा धुरा चार बोटे कोरला. मी दावा लावला. धुरा जुना आणि कायम आहे, गजाननने अतिक्रमण केले आहे, असे मी शपथेवर लिहून दिले. धुऱ्यालगतची गाडीवाट वापरायला त्याच्याविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. तेव्हापासून त्याच्या शेतात ना बैलगाडी जात होती ना ट्रॅक्टर. दोन हंगाम त्याने माल डोक्यावर वाहिला. आमचे बोलणे बंद होते. आणि पुढच्याच आठवड्यात माझी साक्ष होती.

माझा विचार असा – ट्रेलर धुऱ्याला लागून उभा करायचा आणि स्लाइड-आऊट धुऱ्यावरून थोडा पलीकडे काढायचा. गजाननने हरकत घेतली नाही, तर त्याची मूकसंमती. फोटो काढून ती दाव्यात जोडता येईल. हरकत घेतली, तर जमिनीला न टेकलेल्या वस्तूने ताबा कसा बिघडतो हे त्याने सिद्ध करावे. दोन्हीकडून माझाच फायदा.

सोयाबीन निघून वावर मोकळे पडले होते. सकाळी दहाच्या सुमारास संदीपने ट्रेलर लावला. मी टेप धरला. ट्रेलरच्या भिंतीपासून धुऱ्याचा मध्य – अडीच फूट. खोली तीन फूट बाहेर येणार, म्हणजे अर्धा फूट पलीकडे.

“इतक्या जवळ काऊन लावून राह्यले?” माझी पत्नी चुलीपाशी बसली होती, तिथून तिने विचारले. “सारं वावर पडलं आहे न मोकळं.”

“तुला यातले कळत नाही,” मी म्हणालो.

“हाव, मले कसं कळंन. मले फक्त चहा कळते.”

मृणालने बटण दाबले. खोली गुरगुरत बाहेर आली – आणि एका फुटावर थांबली. मोटर गुणगुणली, मग गप्प. पुन्हा दाबले. पुन्हा तिथेच.

माझा पहिला संशय संदीपवर गेला. स्लाइड-आऊट नको हे त्याचेच म्हणणे होते. बिघाड दाखवून वाद जिंकणे त्याच्या सोयीचे होते. मी त्याला बाजूला घेऊन विचारले.

“बाबा, मी तुमच्यासमोर उभा आहे सकाळपासून,” तो म्हणाला. “मी काय केलं असेल?”

“ते तू सांगायचे.”

तो ट्रेलरखाली आडवा झाला. खाली काही नव्हते. बॅटरी भरलेली होती. ट्रेलर तिरपा असला तरी खोली अडते म्हणतात, म्हणून मी पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास आत फरशीवर ठेवून पाहिला – पाणी काठाला सगळीकडे सारखे. खोलीच्या पुढच्या मोकळ्या जागेत मी काठी फिरवली, नंतर हात फिरवला. हवाच होती.

ट्रेलर धुऱ्यापासून दूर, गावच्या वाटेवर नेला. तिथे खोली सरळ तीन फूट उघडली, सलग सहा वेळा. परत धुऱ्यापाशी आणला, तर एका फुटावर गप्प.

मग मी ट्रेलर फूटभर अलीकडे घ्यायला लावला. खोली दोन फूट उघडली आणि थांबली. आणखी फूटभर अलीकडे – पूर्ण तीन फूट.

“झालं की मग, चालू झालं,” मृणाल म्हणाली.

चालू झाले नव्हते. मी टेपकडे पाहत होतो. तिन्ही वेळा खोलीची बाहेरची कड एकाच ठिकाणी आली होती – धुऱ्याच्या मध्यापासून दीड फूट अलीकडे. माझ्या वावरात.

दुपारभर मी त्या दोघांना राबवले. धुऱ्याच्या कडेने ट्रेलर पाच ठिकाणी उभा केला, कुठे जवळ, कुठे लांब. प्रत्येक ठिकाणी खोली जिथे अडली तिथून ओळंबा सोडला आणि खाली मातीत चुन्याची खूण केली. पाचव्या खुणेनंतर वावराच्या वरच्या टोकाला जाऊन पाहिले. पाचही खुणा दोरी लावल्यासारख्या एका रेषेत होत्या. वरच्या टोकाच्या निंबापासून खालच्या टोकाच्या विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत. धुरा मात्र त्या रेषेत नव्हता.

पलीकडून गजानन येताना दिसला. डोक्यावर तुरीचा भारा. दोन वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

“काय दादा, तुमच्या या खोलीले बी मनाई हुकूम लागला का काय?”

संदीप हसला. माझी पत्नीही हसली. मी रागाने लाल झालो आणि म्हणालो की, हे त्याचेच काम असल्याचे मला ठाऊक आहे, त्याने काय पुरले आहे ते मी खणून काढीन.

“खणा की,” तो म्हणाला. “तुमचंच वावर आहे ते. तुम्हीच तं लिहून देलं कोर्टात.” आणि मान न वळवता पुढे गेला. भारा डोक्यावर असला की मान वळवता येत नाही.

मी खणले. प्रत्येक खुणेपाशी हातभर. काळी माती निघाली, दुसरे काही नाही.

त्याच दिवशी मी कारखान्याला सविस्तर पत्र लिहिले, ई-मेलनेही आणि रजिस्टरनेही. सदोष वस्तू चाचणीसाठी देणे ही सेवेतील त्रुटी असून ग्राहक मंचात दाद मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे, असे त्यात स्पष्ट केले. तीन दिवसांनी त्यांचा मेकॅनिक आला. शांत स्वभावाचा, पन्नाशीचा माणूस. त्याने वाटेवर खोली बारा वेळा उघडून दाखवली. धुऱ्यापाशी त्याच्याही हातून ती अडली. तो उकिडवा बसला आणि मोटरीवर हात ठेवून त्याने बटण पुन्हा दाबायला लावले.

“काका, गाडीत फॉल्ट नाही,” शेवटी तो म्हणाला. “ही मोटर समोरून दाब आला तरच थांबते. काहीतरी ढकलतंय हिला.”

“काय ढकलतंय?”

“ते तुम्हाला माहीत असेल. जागा तुमची आहे.”

आता पुढचे लिहायचे. आमच्या दोन घरांत वावराची वाटणी झाल्यानंतरची पहिली सहा वर्षे मी सुट्टीला गावी आलो की नांगरणीच्या वेळी स्वतः हजर असायचो. आमचा सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, नांगर धरायचा. धुऱ्याकडचे शेवटचे तास, म्हणजे नांगराची शेवटची ओळ, मी त्याला चार बोटे आत घ्यायला सांगायचो. आपल्या बाजूने धुरा कोरायचा आणि ती माती पलीकडच्या अंगाला लावायची. धुरा तेवढाच जाड राहतो, फक्त सरकतो. वर्षाला चार बोटे कोणाच्या नजरेत येत नाहीत. सहा वर्षांची चोवीस बोटे. मी ती त्या पाच खुणांपाशी उभा राहून मोजली. दीड फूट भरते.

सालदार वारून बरीच वर्षे झाली. दुसऱ्या कोणाला हे ठाऊक नव्हते. सरकारी मोजणीला मीच दोनदा हरकत घेतली होती. विसरलो होतो असे लिहिले तर ते खोटे ठरेल. विसरलो नव्हतो, फक्त ते चुकीचे होते, असे कधी स्वतःशी म्हटले नव्हते. गजाननने एकदाच, एकाच वर्षी, चार बोटे परत घेतली आणि मी त्याला कोर्टात उभे केले.

ट्रेलर परत जाण्याच्या सकाळी मी धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. गजानन नेहमीप्रमाणे भारा घेऊन आला. मी त्याला थांबवले. उभ्या उभ्या सगळे सांगितले – सालदार, शेवटचे तास, सहा वर्षे. तो ऐकत राहिला. भारा खाली ठेवायचेही त्याला सुचले नाही.

“मले वाटेच,” तो म्हणाला. “माहा बाप मरेपर्यंत म्हणत होता, धुरा चालून राह्यला म्हणून. आम्ही म्हणो, बुढ्याचे डोळे गेले.”

उद्या दावा काढून घेण्याची पुरसीस देतो आणि मनाई हुकूमही उठवून घेतो, एवढे म्हणालो. गाडीवाट त्याने आजपासूनच वापरावी.

तेवढ्यात मृणालने ट्रेलरमधून हाक मारली. पलंगाखालचे सामान काढायचे होते, त्यासाठी खोली पूर्ण उघडावी लागणार होती. ट्रेलर पहिल्या दिवशीच्याच जागी लावलेला होता, धुऱ्यापासून अडीच फुटांवर.

“उघडणार नाही इथं,” संदीप म्हणाला. “मी अलीकडे घेतो.”

“काऊन उघडणार नाही?” गजानन म्हणाला.

“काका, ती तुमच्या हद्दीत जाते ना.”

“तं येऊ दे की. माह्या वावरात येऊन राह्यली न, परक्याच्या नाही. दाब बटण.”

मृणालने बटण दाबले. खोली एक फुटावर आली, चुन्याच्या रेषेवर आली, आणि न थांबता पुढे गेली. धुऱ्यावरून पलीकडे, पूर्ण तीन फूट. माझ्या पत्नीने गजाननला चहा दिला. आम्ही दोघे त्या बाहेर आलेल्या पलंगावर बसून तो प्यायलो. मी गजाननच्या जमिनीवर अधांतरी बसलो होतो, त्याच्या संमतीने.

दुसऱ्या दिवशी मी पुरसीस दाखल केली. कारण काय, असे विचारण्यात आले. आपसात मिटले, असे सांगितले. तेवढेच शपथेवर सांगता येण्यासारखे होते. संदीप आणि मृणालच्या वादात मी मृणालच्या बाजूने निकाल दिला – स्लाइड-आऊट घ्यावा. वजन, रबर आणि मोटरीबाबतचे संदीपचे आक्षेप ग्राह्य आहेत, ते निकालात नमूद केले. एक अट घातली – खोली ज्याच्या बाजूला जाणार, त्याला आधी विचारावे.

कारखान्याचे लेखी उत्तर पुढे आले. जमिनीची हद्द ओळखणारी कोणतीही यंत्रणा उत्पादनात नाही. मोटर केवळ प्रत्यक्ष अडथळा आल्यासच थांबते. म्हणजे अडथळा होता. कोणाचा, हे त्या कागदात नाही आणि मलाही सांगता येत नाही. यावर मी खूप विचार केला आहे, दोन अभियंत्यांना पत्रे लिहिली आहेत. एकाने उत्तर दिले नाही, दुसऱ्याने प्रकृतीची काळजी घ्यायला सांगितले.

सवय जात नाही, म्हणून शेवटी मी गजाननलाही विचारले. म्हणालो, खरे सांग, पहिल्या दिवशी ती खोली तू अडवली होतीस का?

“कसा अडवंन, दादा?” तो म्हणाला. “माह्या डोक्यावर भारा होता. दोन वर्षांपासून दोन्ही हात वरतेच होते माहे.”