साडेपाचशे किलोमीटर, मधे थांबा नाही

सावळीराम आहेर, म्हणजे आमच्या इंदिरानगरचे नाना, कळवणच्या एसटी स्टँडवर बत्तीस वर्षं कंट्रोलर होते. गाडी सुटली की वहीत वेळ टाकायची आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत चहा अर्धाच प्यायचा, असा त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतरही वही सुटली नाही. बायको चतुराबाई भाजीला निघाल्या तरी वेळ पडते. परतल्या की शेऱ्याच्या रकान्यात ‘वेळेवर’, नाहीतर ‘उशीर, वाटेत वत्सलाबाई’.

त्यांची मुलगी रोहिणी मालदीवच्या गान बेटावर शाळेत शिकवते. जावई योगेशही तिथंच नोकरीला. तिला आठवा महिना. मंगळवारी सकाळी तिचं बीपी एकदम चढलं आणि डॉक्टरांनी दुपारच्या विमानाने मालेला, राजधानीच्या बेटावर, मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं. नाना-चतुराबाईंचे पासपोर्ट अजून यायचे होते. हाताशी होता फक्त मोबाईल. त्यात त्यांनी दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं. साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर, सव्वा तास. कळवण-नाशिक ऐंशी किलोमीटरला अडीच तास देणाऱ्या माणसाला ते पटेना, पण लिहून घेतलं.

दोन वाजता योगेशचा मेसेज आला, ‘बसलो’. नानांनी सुटण्याच्या रकान्यात ‘दोन’ लिहिलं.

सव्वातीन झाले, पावणेचार झाले. दोघांचेही फोन बंद. चतुराबाईंनी दिवाळीपर्यंत पुरेल एवढा लसूण सोलून ठेवला. नानांनी शेजारून मला बोलावून नकाशा मोठा करायला लावला. निळ्यात नुसते ठिपके. यातल्या एखाद्या ठिपक्यावर फोन लागेल का, अशी त्यांची विचारणा. नाशिकच्या वाटेवर वणीला, दिंडोरीला विचारता यायचं, गाडी गेली का म्हणून.

“बंद पडली तर मी मागून दुसरी सोडायचो,” ते हळू म्हणाले. “इथं काय सोडू?”

चतुराबाई लसणातून मान वर न काढता बोलल्या, “अहो, पोरगी बसली म्हणजे गाडी सुटली का? जन्मभर पॅसेंजरांवर हेच खेकसलात ना?”

नानांनी वही पुढे ओढली. मग त्यांनी ‘दोन’वर रेघ मारली. आता कुठून मोजायचं, हेही हातात राहिलं नाही. घड्याळाकडे बघत बसले, पण बघून उपयोग नव्हता.

पावणेपाचला फोन वाजला. रोहिणीच होती, दमलेली.

“नाना, गाडी पोचली. सुटायलाच दीड तास लेट झाला.” मागे कोणीतरी घाई करत होतं. “आता दवाखान्यात नेतायत. ठेवते.”

नानांनी पोचल्याची वेळ लिहिली. पेन शेऱ्याच्या रकान्यावर गेलं आणि तिथंच थांबलं.

“लिहा की आता,” चतुराबाई म्हणाल्या.

“कसं लिहू? एक पॅसेंजर उतरायचाय अजून.”

चहा समोर होता. अर्धा.