बोटाचा वास

अक्षर गिचमिड आहे, लिहिण्यात चुकाही असतील. कुणी वाचलंच तर माफी असावी.

डेअरीवर दूध घेणारा माणूस फॅट मोजायचं मशीन लावण्याआधी कॅनच्या काठावर बोट फिरवून हुंगतो. "ओता" किंवा "न्या", एवढंच म्हणतो. नर्सिंग शिकणारी माझी लेक सांगते, नाकानं कळवलेलं मेंदूतल्या पेशी तोलतात, मग निर्णय होतो. मी भीत भीत त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "वैनी, माझ्या पेशी लई घाईच्या हायत."

एकदा मला म्हणाला, "औषधाचा वास येतोय. न्या." चारचौघींत लाज वाटली. मी पाच लिटर दूध ओढ्यात सोडून दिलं. माझ्यामागच्या तिघींच्या कॅनलाही तोच वास आला, तेव्हा त्यानं आपलं बोट हुंगलं. सकाळी त्यानं गुडघ्याला बाम चोळला होता.

संध्याकाळी तो घरी आला. "चूक माझी हुती," म्हणाला आणि पाचही लिटरचे पैसे स्वतःच्या खिशातून देऊन गेला.