धन्यवाद, तुमची माहिती मिळाली

सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. गल्लीचं काय घेऊन बसलात, घरात नवराही सिस्टरच म्हणायचा. एकतीस वर्षं वॉर्डात काढून त्या निवृत्त झाल्या, पण अंगातली नर्स काही निवृत्त झाली नाही. घरामागच्या गॅरेजमध्ये त्यांनी चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या आणि वरखाली होणाऱ्या दोन कॉट असा दुसरा संसार मांडला. ज्याला गरज असेल त्यानं न्यावं, काम झालं की पुसून आणून द्यावं. अट एकच, सिस्टरांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. पेशंटचं वजन किती? दरवाजा किती रुंद? संडासाला उंबरा आहे का? एक गृहस्थ फोनवर "असेल अंदाजे" म्हणाले, तर "मी थांबते, मोजून या" म्हणून त्यांना टेप घेऊन दाराशी पाठवलं होतं. लोक कुरकुरत, पण सिस्टरांची खुर्ची कधी कुणाच्या दारात अडकली नाही.

मग कानांनी दगा दिला. यंत्र लावून समोरचं माणूस ऐकू येई, फोनवर मात्र नुसती खरखर. आधीच घाबरलेल्या माणसाला चार-चारदा "जरा मोठ्यानं" म्हणायचं त्यांच्या जिवावर यायला लागलं. एके दिवशी त्यांनी फोन ठेवला तो ठेवलाच.

धावून आली ती सून. ती विम्याच्या कचेरीत कामाला, वेबसाइट बनवायचं ज्ञान रविवारी व्हिडिओ बघून मिळवलेलं. पण हौसेला मोल नसतं. तिनं सासूच्या सगळ्या प्रश्नांचा फॉर्म करायला घेतला.

"आई, चौदा प्रश्न? एवढं कोण भरणार?"

"ज्याला खुर्ची हवी तो भरेल. आणि उंबरा काढायचा नाही."

उंबरा राहिला. सुनेनं एक खोटं नाव भरून 'पाठवा' दाबलं. पडद्यावर आलं, 'धन्यवाद, तुमची माहिती मिळाली.' दोघींनी एकमेकींना टाळी दिली. फोन लावला की आता सुनेच्या आवाजात साइटचा पत्ता ऐकू येई, आणि आलेले अर्ज बघायला सिस्टरांना एक वेगळं पान करून दिलं होतं. रोज सकाळी चहाआधी त्या ते पान उघडत.

पान रिकामं. आठवडा गेला, दुसराही गेला. "नवीन आहे, आई, लोकांना सवय होऊ दे," सून म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात सिस्टरांनी एका मोठ्या इस्पितळाला कळवून टाकलं, सगळं सामान घेऊन जा. टेंपो शनिवारी येणार होता. "लोकांना आता आपली गरज नाही, उगाच कशाला जागा अडवायची," असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. त्या आदळआपट करत तेव्हा मास्तरांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, कधी भीती वाटली नव्हती. ते चित्रकलेचे शिक्षक होते, शांत माणूस. पण ही शांतता बघून वाटली.

तेव्हापासून मास्तरांचं एकच टुमणं, "आला का अर्ज?" सकाळी तेच, दुपारी तेच. गुरुवारी दोघं जेवत असताना पुन्हा विचारलं.

"नाही म्हटलं ना!"

"नीट बघितलंस?"

"कान गेलेत, डोळे नाहीत गेले माझे."

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. "अगं, पण निदान एक तरी आलाच पाहिजे! सोमवारी मी स्वतः भरलाय. खोट्या नावानं. उंबऱ्यासकट!"

"तुम्हाला कशाला हवी खुर्ची?"

"खुर्ची नको होती मला. टेंपो यायला नको होता."

सिस्टर उठल्या, हात धुतले आणि सुनेला निरोप धाडला, ताबडतोब ये.

सुनेनं लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत डोक्याला हात लावला. 'पाठवा' दाबल्यावर धन्यवाद म्हणायचं, हे तिनं फॉर्मला शिकवलं होतं. आलेली माहिती ठेवायची कुठे, हे सांगायचंच राहिलं होतं.

"म्हणजे टपालपेटीला नुसतं तोंड, आत पेटीच नाही," मास्तर म्हणाले.

"वॉर्डात आम्ही 'औषध दिलं' हे औषध पोटात गेल्यावर लिहायचो," सिस्टर म्हणाल्या, पण सुनेच्या डोळ्यांत पाणी बघून त्यांनी पुढचं गिळलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

आता गंमत बघा. सुनेनं आणखी एक चूक केली होती. भरलेली माहिती झाकून पाठवायची असते. हिच्या फॉर्ममध्ये ती साइटच्या पत्त्यालाच शेपटासारखी उघडी चिकटून जात होती. जाणकारानं बघितलं असतं तर कान उपटले असते. पण साइट ज्या कंप्युटरवर होती, तो मागितलेला प्रत्येक पत्ता नोंदवहीत शेपटासकट उतरवून ठेवत होता. मराठी अक्षरांच्या जागी उमटलेल्या टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांच्या जंगलातून सुनेनं एकेक अर्ज सोडवून काढला. एका चुकीनं बुडवलं ते दुसरीनं तारलं.

तेवीस अर्ज निघाले. मास्तर टेंपोवाल्याला फोन करायला आतल्या खोलीत पळाले. सुनेनं फॉर्म दुरुस्त केला, माहिती झाकली, आणि या वेळी नुसत्या धन्यवादावर सिस्टर भुलल्या नाहीत. अर्ज पानावर उमटलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, तेव्हा कुठे मान हलवली.

मग त्या जुने अर्ज वाचायला बसल्या. त्यांतले चार एकाच बाईचे होते. वजन तेच, दरवाजा तोच. बदलत होती ती फक्त शेवटच्या, 'आणखी काही सांगायचं असल्यास' या चौकटीतली ओळ. पहिल्यात लिहिलं होतं, आईला खुर्ची हवी आहे. दुसऱ्यात, उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा भरते. तिसऱ्यात, खुर्ची दुसरीकडून मिळाली, काळजी नसावी.

आणि चौथ्यात, 'बाबांच्या वेळी तुम्ही दुसऱ्याच दिवशी खुर्ची दिली होती. तुम्ही उत्तर दिलं नाही असं कधी झालं नाही. आता खुर्ची नको, सिस्टर. तुम्ही बऱ्या आहात ना, तेवढं कळवा.'

सिस्टरांनी चष्मा काढला. अक्षरं दिसेनाशी झाली होती.

"आधी हिला उत्तर दे," त्या सुनेला म्हणाल्या. "लिही, आजपासून बरी आहे."