दगडबाईंचा संप

मुलं त्यांना पाठीमागे दगडबाई म्हणत, हे बाईंना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. सरकारी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायचं म्हणजे दगडांशीच गाठ. त्यांचा विभाग जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालून वाकून आत शिरावं लागे. सूक्ष्मदर्शकांपैकी एकच धड चालायचा. सहलीचं अनुदान बंद झालं तेव्हा बाईंनी पदरमोड करून टेम्पो ठरवला आणि मुलांना खाणीवर नेलं. वरच्या मजल्याचं पाणी झिरपून छत गळायला लागलं तेव्हा नमुन्यांच्या कपाटांवर घरचं प्लॅस्टिक आणून घातलं. नवरा म्हणायचा, "अगं, तू सगळं चालवून घेतेस म्हणूनच ते काही देत नाहीत." ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबायचं.

विभागात त्यांच्याखेरीज एकच जण शिकवायचे, धाकटे सर. बाईंचेच विद्यार्थी. डॉक्टरेट मिळवूनही तासांवर नेमलेले. सुट्टी लागली की पगार बंद. संध्याकाळी ते एका खासगी क्लासमध्ये शाळकरी पोरांना गणित शिकवत आणि ओळखीचं कुणी दिसलं की तोंड चुकवत.

यंदा अनुदानाला आणखी कात्री लागली, पगारवाढ पुन्हा लांबणीवर पडली आणि प्राध्यापक संघटनेने संप पुकारला. संघटनेचे अध्यक्ष इतिहास शिकवत. बाई आणि ते बरोबरच नोकरीला लागले होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत.

"ताई, तुम्ही आलात तर बाकीचे येतील," भाऊ म्हणाले. "तुम्ही आजवर कधी कशात पडला नाहीत. तुमच्या शब्दाला वजन आहे."

बाई तयार झाल्या. धाकटे सर मात्र बिचकत होते. "मॅडम, मला काढायचं तर त्यांना कारणसुद्धा द्यावं लागत नाही."

"मी आहे ना," बाई म्हणाल्या. "तुझ्यासारख्यांसाठीच तर चाललंय हे."

दुसऱ्या दिवशी धाकटे सर फाटकाशी संपाच्या मंडपात येऊन बसले.

ऊन मी म्हणत होतं. एका सकाळी एका विद्यार्थिनीची आई तिथे आली. "परीक्षा लांबली म्हणून माझ्या पोरीच्या हातची नोकरी जाईल. तुमचं भांडण त्यांच्याशी, मग भोगायचं तिनं का?" बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. त्या आईने ती घेतली नाही.

मग वरून दम आला: संप मोडा, नाहीतर तासांवरच्यांना घरी बसवू. मंडपात चुळबुळ सुरू झाली, काहींनी पिशव्या उचलल्या. तेव्हा जन्मात कधी आवाज न चढवलेल्या दगडबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या. "आज आत गेलात तर पुन्हा बाहेर यायची कुणाची छाती होणार नाही. उद्या ते छप्पर काढून नेतील आणि आपण छत्री उघडून शिकवत बसू!" हशा पिकला. पिशव्या खाली ठेवल्या गेल्या.

संप टिकला आणि तडजोड झाली. भाऊंनी माइकवर सांगितलं: कायम प्राध्यापकांना पगारवाढ मंजूर. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांतच त्यांनी पुढचं उरकून घेतलं. भूगर्भशास्त्रासारखे विद्यार्थी कमी असलेले विभाग बंद होतील, तिथल्या कायम लोकांना इतरत्र सामावून घेतील. तासांवरच्यांचं पुढे बघू.

बाईंनी त्यांना मंडपामागे गाठलं.

"ताई, वाटाघाटीत काहीतरी सोडावंच लागतं."

"सोडलंत ते तुमचं होतं का, भाऊ?"

"तुमची नोकरी तर शाबूत आहे ना?"

"माझी आहे," बाई म्हणाल्या.

त्या धाकट्या सरांच्या घरी गेल्या. त्यांच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. "ते क्लासला गेलेत. आता सकाळपासून तिथेच असतात." मग आवाज न चढवता तिने विचारलं, "मी आहे ना, असं तुम्हीच म्हणाला होतात का?"

"हो."

तिने मान हलवली. आत या म्हणाली नाही. बाई उंबऱ्याबाहेरूनच मागे वळल्या आणि जिना उतरल्या.

विभागाची खोली प्रवेश कचेरीला देण्यात आली. कंत्राटदाराच्या माणसांनी कपाटातले दगड पोत्यांत भरले आणि नव्या वाहनतळाच्या भरावात ओतले. बाई खिडकीशी उभ्या होत्या. कुणी त्यांना विचारलं नाही, त्यांनीही अडवलं नाही. त्यांना वाणिज्य शाखेला पर्यावरणाचा सक्तीचा तास मिळाला.

पहिला वाढीव पगार झाला तसा संघटनेने विजय मेळावा ठरवला. भाऊ स्वतः पुष्पगुच्छ घेऊन प्राध्यापकांच्या खोलीत आले. "ताई, सत्काराला तुम्ही हव्यातच. तुम्ही नसतात तर संप त्याच दिवशी मोडला असता."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "हा गुच्छ धाकट्या सरांच्या घरी नेऊन द्या. माझ्यानं पुन्हा ते दार वाजवणं होणार नाही."

भाऊ हसले, थट्टा समजून. मग हसायचे थांबले. त्यांनी गुच्छ टेबलावर ठेवला आणि घड्याळाकडे बघत निघून गेले.

घंटा झाली. बाईंनी खडू घेतला. वर्गात खचाखच मुलं होती आणि त्यांतल्या एकालाही तो विषय नको होता. बाईंनी हजेरी घेतली आणि पुस्तकात बघून पहिलं वाक्य फळ्यावर लिहिलं.